पित्तावाचून तूप

मनुष्याच्या उदरात तूप कसे विरघळते, हे मी काचेच्या नळीत शेकडो वेळा पाहिले आहे. नव्हे, त्या नळ्या मी स्वतःच्या हातांनी मांडल्या आहेत. असे असूनही माझे थोरले बंधू कै. जयसिंहराव यांच्या बाबतीत त्या ज्ञानाचा उपयोग मला वेळेवर करता आला नाही. तो का करता आला नाही, एवढेच सांगण्यासाठी मी हे लिहीत आहे. माझे शिक्षण सातव्या इयत्तेवर थांबले. पुढचे जे काही आहे ते वाचनालयातील पुस्तके वाचून आणि डॉक्टर मंडळींचे बोलणे ऐकून जमविलेले आहे. भाषेत कोठे ठिगळ दिसले, तर वाचकांनी ते ठिगळ म्हणूनच पाहावे.

माझे नाव महिपतराव. ग्वाल्हेरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाविज्ञानाची जी प्रयोगशाळा आहे, तेथे मी सेवक आहे. महाविद्यालय निघाले त्या वर्षी दादासाहेबांनीच, म्हणजे जयसिंहरावांनी, कोणाकडे तरी शब्द टाकून मला येथे लावून दिले. मी अविवाहित, दादासाहेब आणि वहिनीसाहेब विजयाबाई यांच्याजवळच खासगी बाजारात दोन खोल्यांत राहत असे. त्यांची एकुलती कन्या झांशीस दिलेली. त्यामुळे घरात आम्ही तिघेच.

दादासाहेब संस्थानच्या घोडदळात रिसालदार होते. संस्थान मध्यभारतात विलीन झाले आणि त्यानंतर दोन वर्षांनी त्यांचा रिसालाही मोडला. काही मंडळी हिंदुस्थानच्या सैन्यात गेली. दादासाहेबांना सेहेचाळिसाव्या वर्षी घरी बसावे लागले. त्याबद्दल ते तक्रार करीत नसत. फक्त सकाळी उठून दाढी करून, चामडी कमरपट्टा आवळून ते खुर्चीवर बसत. आणि कोठेही जाण्याचे नसल्यामुळे बसूनच राहत.

पूर्वी दर दसऱ्यास सरकारी कोठीतून आमच्या घरी शिधा येई. गहू, डाळ, गूळ आणि चिनी मातीच्या बरणीत तूप. शेवटचा शिधा सत्तेचाळीसच्या दसऱ्याला आला. पुढच्या वर्षी वहिनींनी रीतीप्रमाणे दारात रांगोळी काढली आणि दुपार टळेपर्यंत पाट मांडून ठेवला. कोणी आले नाही. तेव्हा शेवटच्या बरणीत जे तूप उरले होते ते दादासाहेबांनी मेणकापडाने बांधून देवघरात ठेवविले. त्यानंतर दर दसऱ्यास त्यातले चमचाभर तूप ते प्रत्येकाच्या पानात स्वतः वाढीत. आमच्या घराण्याची रीत अशी की, सणाचे तूप घरचा कर्ता वाढतो, आणि त्याने वाढलेल्या तुपाला कोणी नको म्हणत नाही.

सन छप्पनच्या आषाढात दादासाहेबांचे डोळे पिवळे झाले. कावीळ म्हटल्यावर सगळे करतात तेच आम्ही केले. किला गेटजवळ एक गृहस्थ काड्यांची माळ देतात, ती आणली. ती रोज थोडी थोडी लांबते आणि बेंबीपर्यंत पोहोचली की कावीळ उतरली असे समजतात. महिनाभर तूप-तेल वर्ज्य केले. माळ बेंबीपर्यंत पोहोचली. डोळे मात्र पिवळेच राहिले आणि अंगाला अशी खाज सुटली की दादासाहेब दाराच्या चौकटीला पाठ लावून घाशीत. कमरपट्ट्याला मी दोन नवी भोके पाडून दिली, नंतर आणखी एक.

वहिनींचे म्हणणे पडले की रोग उतरला, आता नुसती कमजोरी उरली आहे. नऊ वर्षांचे जुने तूप म्हणजे औषध, असे आमच्याकडे मानतात. त्यातून हे सरकारी कोठीतले, देवघरात ठेवलेले. श्रावण सरता सरता त्यांनी ती बरणी खाली उतरविली आणि दादासाहेबांच्या गरम भातात दोन्ही वेळा दोन दोन चमचे घालू लागल्या. ते तूप काळपट पिवळे झाले होते आणि त्याला उग्र वास येई. दादासाहेब मान खाली घालून ते सर्व खात. मी समोर बसून जेवीत असे.

येथे मला माझ्या अपराधाकडे यावयाचे आहे.

आमच्या गल्लीत सफाईला रामकली येत असे. भाद्रपदात एके सकाळी मी कामावर निघालो असता तिने मला दारातच थांबविले. इकडे तिकडे पाहून ती म्हणाली, ‘‘छोटे साहब, बुरा न मानना। बड़े साहब का पेट ठीक नहीं है। सफ़ेद मिट्टी जैसा होता है, और अब तो ऊपर घी भी तैरता है। डेढ़ महीने से देख रही हूँ।’’

मला इतकी लाज वाटली की मी तिला ‘‘ठीक है, ठीक है’’ म्हणून वाटेला लावले. थोरल्या भावाच्या शौचासंबंधी एका बाईच्या तोंडून, भर गल्लीत, हे ऐकणे मला सहन झाले नाही. ज्यांच्यासमोर मी आयुष्यात कधी पाय पसरून बसलो नाही, त्यांना हे कसे विचारावे? आणि वहिनींशी तर असा विषय काढणेच अशक्य. त्या दादासाहेबांची धोतरे सोडा घालून दोन दोनदा धूत होत्या, हे मी पाहत होतो. त्याही बोलत नव्हत्या. एका घरात तिघे जण एकच गोष्ट जाणून होतो आणि मर्यादेने गप्प होतो.

पितृपक्षात आमच्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना स्निग्ध पदार्थांचे पचन दाखवावयाचे होते. हा पाठ डॉक्टर शरयूबाई घेतात. त्या येथीलच एका जुन्या दक्षिणी दप्तरदार घराण्यातील. वयाने माझ्याहून लहान, परंतु मला नेहमी ‘महिपतराव’ असे म्हणून बोलावितात. आदल्या दिवशी खाटकाकडून बकऱ्यांची पित्ताशये आणणे आणि नळ्या मांडणे हे माझे काम.

पहिल्या नळीत कोमट पाणी आणि वितळलेले तूप. कितीही हलवा, क्षणभर मिसळल्यासारखे होते आणि लगेच वर पिवळा थर येतो. दुसऱ्या नळीत तेवढेच पाणी, तेवढेच तूप आणि हिरवट पित्त. ही हलविली की दुधासारखे पांढरे होते आणि थर धरीत नाही. तिसऱ्या नळीत याखेरीज स्वादुपिंडाचा रस घालावयाचा आणि ती ऊन पाण्यात उभी करावयाची. अर्ध्या-पाऊण तासाने ते दूध हळूहळू निवळू लागते. मला हा प्रकार नेहमीच अद्भुत वाटत आला आहे. तूप कोठे गेलेले नसते, ते त्याच नळीत असते. पण दिसत नाही.

शरयूबाईंनी ते त्या दिवशी विद्यार्थ्यांना फार सोपे करून सांगितले. पित्तातील प्रत्येक कणाची एक बाजू पाण्याशी सलगी करते आणि दुसरी पाण्याला टाळते. रसाने फोडलेल्या तुपाच्या तुकड्यांचाही स्वभाव असाच. हे सर्व पाण्यात एकत्र आले म्हणजे पाणी न आवडणारी बाजू आत आणि आवडणारी बाहेर, असे आपोआप गोल जमतात. त्यांना कोणी जमवीत नाही. हे सूक्ष्म पुंजच तुपाला आतड्याच्या भिंतीपर्यंत पोहोचवितात. याच्या तपशिलाविषयी विद्वानांत अद्याप वाद आहेत, असेही त्या म्हणाल्या. मग त्यांनी पहिली नळी उचलली.

‘‘पित्ताची वाट बंद झाली, की माणसाच्या पोटात हे असं होतं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तूप खाल्लं तसं निघून जातं. मळ मातीसारखा पांढरा होतो आणि त्यावर तेल तरंगतं. तुपाबरोबर जाणारी जीवनसत्त्वंही अंगी लागत नाहीत. रक्त गोठायला जे लागतं, ते याच वाटेनं जातं.’’

माझ्या हातात पुढच्या तुकडीच्या नळ्यांसाठी काढलेला तुपाचा चमचा होता. तो हातातच राहिला. हा पाठ मी दहा वर्षे ऐकत आलो होतो. ही वाक्येही मला नवी नव्हती. परंतु रामकलीचे बोलणे आणि हे बोलणे, या दोहोंना जोडणारी वाट माझ्या डोक्यात आजवर बंद होती.

विद्यार्थी गेल्यावर मी बाईंना सर्व सांगितले, अर्थात दादासाहेबांच्या शब्दांची नव्हे, रामकलीच्या शब्दांची साक्ष काढून. त्यांनी लघवीचा रंग विचारला. खाज विचारली. वजन विचारले. शेवटी म्हणाल्या, ‘‘महिपतराव, नळीत खडा असेल किंवा गाठ असेल. उघडल्याशिवाय कळणार नाही. उद्याच्या उद्या घेऊन या. थांबू नका.’’

मी थांबलो.

याची कारणे मी स्वतःला पुष्कळ देत असे. घरी गेल्यावर शब्द ओठांपर्यंत येत आणि वहिनींना ताटावर बसलेले पाहून परत जात. दुसऱ्या दिवशी वडिलांचे श्राद्ध होते. त्यानंतर नवरात्र बसले. घटस्थापना झालेल्या घरातून दादासाहेबांना दवाखान्यात हलवावे कसे, असा मला प्रश्न पडला. दसरा होऊ द्यावा, दसऱ्याचे तूप त्यांच्या हातून एकदा वाढले जाऊ द्यावे, मग सांगू, असे मी ठरविले. शरयूबाईंनी दोनदा विचारले, मी दोनदा ‘‘आणतो’’ म्हणालो. असे तीन आठवडे गेले. प्रयोगशाळेत मी सेकंदकाट्याने काम करणारा मनुष्य आहे.

दसऱ्याच्या दिवशी दादासाहेबांनी कमरपट्टा बांधला. तो आता कमरेवर थांबत नव्हता, म्हणून त्यांनी एका हाताने तो धरून दुसऱ्या हाताने तूप वाढले. माझ्या पानापाशी येऊन ते म्हणाले, ‘‘घे महिपत. तुला नको म्हणायची सोय नाही.’’ वहिनी हसल्या. दादासाहेबांनी मग स्वतःच्या भातावर दोन चमचे घेतले. तो भात ते शेवटच्या शितापर्यंत जेवले आणि मी पाहत राहिलो.

दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेतून दोन नळ्या आणि खाटकाकडून एक पित्ताशय घेऊन दुपारी घरी आलो. तोंडाने सांगणे मला जमणार नाही हे एव्हाना कळले होते. हाताने करणे मला जमते. स्वयंपाकघरात वहिनींच्या समोर बसून मी त्यांच्याच बरणीतले तूप दोन्ही नळ्यांत घातले, पाणी घातले, एकीत पित्त घातले आणि दोन्ही हलविल्या. एकीत वर थर आला. दुसरीत दूध झाले. मग मी खाली पाहत सांगितले की दादासाहेबांच्या पोटात पित्त उतरत नाही, म्हणून तेथे ही पहिली नळी आहे. आपण घालतो ते तूप असेच वर तरंगून निघून जाते.

वहिनींनी पहिली नळी हातात घेतली आणि पुष्कळ वेळ उजेडात धरली.

‘‘हे तुम्हांला कधी कळलं, भाऊजी?’’

‘‘पितृपक्षात.’’

‘‘मी रोज दोन वेळा वाढत होते,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुम्ही समोर बसून जेवत होतात.’’ त्यांनी नळी खाली ठेवली. ‘‘तुम्हांला जमत नव्हतं तर रामकलीला पाठवायचं होतं माझ्याकडे. तिला तरी शरम नव्हती.’’

मी नळ्या आवरू लागलो.

आमचे बोलणे बाहेरच्या खोलीत दादासाहेबांना ऐकू गेले असावे. त्यांनी मला हाक मारली आणि काय खटपट चालली आहे ती इकडे आण म्हणाले. मी नळ्या घेऊन गेलो. जे मी तीन आठवडे बोलू शकलो नव्हतो, ते त्यांनी विचारल्यावर भराभर सांगून टाकले. पुंज कसे जमतात, कोणती बाजू आत असते, कोणती बाहेर, सर्व. त्यांनी लक्ष देऊन ऐकले.

‘‘म्हणजे बिनहत्यारी बुणगे मध्ये घेऊन भाले बाहेर,’’ ते म्हणाले. ‘‘गोल. आणि हुकूम कोण देतं?’’

‘‘कोणीच नाही, दादासाहेब. आपोआप होतं.’’

‘‘बिनहुकमाचा गोल मी तर नाही पाहिला बुवा. आमच्यात हुकूम देऊनही दोन घोडी उलट्या तोंडानं उभी राहायची.’’ त्यांनी पहिली नळी घेतली आणि वरच्या पिवळ्या थरावर बोट ठेवले. त्यांचे बोटही त्याच रंगाचे झाले होते. ‘‘मग दीड महिना मी खाल्लं ते सगळं हेच?’’

मी मान हलविली.

‘‘सरकारचं तूप फुकट घालवलं,’’ ते म्हणाले. स्वतःच्या प्रकृतीविषयी त्यांनी काहीही विचारले नाही.

त्याच दुपारी त्यांना टांग्यातून रुग्णालयात नेले. बरणी पुन्हा देवघरात गेली.

सर्जनसाहेबांनी तपासून सांगितले की शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नाही. मात्र दादासाहेबांच्या हिरड्यांतून रक्त येत होते आणि सुई टोचलेल्या जागी निळे डाग पडत होते. रक्त गोठत नसेल तर चाकू लावता येत नाही. तेव्हा रोज जीवनसत्त्वाची सुई द्यावयाची आणि रक्त किती मिनिटांत गोठते ते पाहावयाचे. आठ मिनिटांच्या आत आले की शस्त्रक्रिया. आणखी एक अडचण त्यांनी सांगितली. पहिल्या नोव्हेंबरला नवा मध्यप्रदेश होणार, राजधानी भोपाळला जाणार. त्यांची स्वतःची बदली तेथे झाली होती आणि एकतीस ऑक्टोबरला त्यांना येथून मोकळे व्हावयाचे होते. त्यांच्या जागी महाकोशलाकडील कोणी येणार होते. केव्हा, ते त्यांनाही ठाऊक नव्हते. म्हणजे आमच्या हातात सोळा दिवस होते.

रक्ताची ती परीक्षा करण्यात माझा हात चांगला आहे, म्हणून शरयूबाईंच्या सांगण्यावरून ते काम माझ्याकडेच आले. बोटाला टोचून रक्ताचा थेंब केसासारख्या बारीक काचनळीत ओढून घ्यावयाचा आणि दर अर्ध्या मिनिटाला नळीचा लहानसा तुकडा मोडावयाचा. मोडलेल्या दोन टोकांमध्ये रक्ताचा बारीक तंतू ताणला गेलेला दिसला, म्हणजे गोठले. निरोगी माणसाचा तंतू पाच-सहा मिनिटांत येतो. दादासाहेबांचा पहिल्या दिवशी चौदा मिनिटांनी आला.

‘‘घड्याळ कुणाचं?’’ त्यांनी विचारले.

‘‘विभागाचं आहे.’’

‘‘मग ते तरी बरोबर चालत असेल.’’

चौथ्या दिवशी तंतू अकरा मिनिटांनी आला. वहिनींनी मारुतीला नारळ ठेवला. मलाही त्या दिवशी अन्न गोड लागले. आठव्या दिवशी अकराच. सर्जनसाहेबांनी सुईची मात्रा वाढविली. दहाव्या दिवशी साडेअकरा. इकडे रुग्णालयाच्या ओसरीत कचेरीची कपाटे रिकामी करून कागदपत्रांच्या पेट्यांना खिळे ठोकणे चालले होते. कोण भोपाळला जाणार, कोण राहणार, याच्या याद्या भिंतीवर लागत आणि दुसऱ्या दिवशी बदलत. त्या ठोकण्याच्या आवाजात मला अर्ध्या मिनिटाचा काटा पाहावा लागे.

एकोणतीस तारखेला शेवटची परीक्षा ठरली, कारण शस्त्रक्रिया व्हावयाची तर तीसलाच झाली असती. सर्जनसाहेब स्वतः खाटेच्या पायाशी उभे राहिले. वहिनी उशाशी होत्या. मी नळी भरली. सहा मिनिटे झाली, तुकडा मोडला, तंतू नव्हता. साडेसहा. सात. तेथे तिघांनाही माझा चेहराच दिसत होता. केसासारख्या नळीच्या टोकाला काय आहे ते माझ्याशिवाय कोणाला दिसणे शक्य नव्हते. वाचकांपासून लपवीत नाही: साडेसात मिनिटांना ‘आला’ असे म्हणावे, हा विचार माझ्या मनात आला. म्हटले असते तर उद्या शस्त्रक्रिया झाली असती. आणि त्या टेबलावर दादासाहेबांचे रक्त थांबले नसते, हेही मला ठाऊक होते. खोटे बोललो तर चाकूखाली, खरे बोललो तर खाटेवर. माझ्या हातात एवढीच निवड होती, आणि तिला निवड म्हणावे की काय ते मला कळत नाही.

मी मोडीत राहिलो. साडेबारा मिनिटांनी तंतू आला, तसे मी सांगितले.

सर्जनसाहेब मला ओसरीत घेऊन गेले. आजार नुसता नळीचा राहिलेला नाही, यकृतच थकले आहे, त्यामुळे सुई दिली तरी त्यातून काही घडवायला मागे कोणी नाही, असे त्यांनी सांगितले. गृहस्थ भला. त्यांच्या आवाजात रोष नव्हता. ‘‘दसरे के पहले ले आते तो…’’ इतके म्हणून ते थांबले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून पेट्यांमधून वाट काढीत निघून गेले.

एकतीसला आम्ही दादासाहेबांना घरी आणले. दुसऱ्या दिवशी नवे राज्य झाले, त्यानंतर दिवाळी आली. गल्लीत पणत्या लागल्या. आमच्या दारातही वहिनींनी दोन लावल्या. शरयूबाई म्हणाल्या होत्या की पित्त बाहेरून देता येते. त्याने वाट उघडत नाही, परंतु तूप थोडेफार जिरते. मी बकऱ्याचे पित्त गुळाच्या गोळीत भरून दोन दिवस दिले. दादासाहेबांनी माझ्यासाठी ते गिळले आणि दोन्ही दिवस ओकले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, ‘‘महिपत, आता पुरे कर. तुझा गोल काही जमत नाही.’’

पाडव्यानंतर चार-पाच दिवसांची गोष्ट. दुपारची वेळ होती. दादासाहेब अंथरुणावर तक्क्याला टेकून बसले होते आणि वहिनींनी त्यांच्यापुढे मऊ भात आणि वरणाचे पाणी आणून ठेवले; आमची दोघांची पानेही तेथेच मांडली. दादासाहेबांनी पानाला हात लावला नाही. त्यांनी देवघराकडे पाहिले.

‘‘बरणी आणा.’’

वहिनी जागच्या हलल्या नाहीत. त्या माझ्याकडे पाहू लागल्या. अंगी लागत नाही हे मीच त्यांना दाखविले होते, तेव्हा काय ते आता मीच सांगावयाचे होते. मी म्हणालो, ‘‘दादासाहेब, डॉक्टरांनी…’’

‘‘मला ठाऊक आहे. ते तरंगणार,’’ ते म्हणाले. ‘‘मी नळी पाहिली आहे. अंगी लागावं म्हणून नाही मागत.’’

वहिनींनी बरणी आणून त्यांच्या पुढ्यात ठेवली. मेणकापड सोडले. तळाशी तीन-चार चमचे तूप राहिले होते. वहिनींनी रीतीप्रमाणे चमचा दादासाहेबांच्या हातात दिला. त्यांनी तो घेतला, मुठीत नीट धरला, आणि मग माझ्यापुढे केला.

‘‘वाढ,’’ ते म्हणाले.

वडिलांच्या मागे या घरात दादासाहेबांखेरीज कोणी सणाचे तूप वाढले नव्हते. चमचा हाती देणे म्हणजे काय देणे, हे आम्हा तिघांनाही कळत होते. मला म्हणावेसे वाटले की मी याला पात्र नाही; ज्याने तीन आठवडे तोंड उघडले नाही त्याच्या हाती हे देऊ नये. परंतु तेही मला बोलता आले नाही. वहिनींनी पदर तोंडाला लावला होता. त्या माझ्याकडे पाहत होत्या आणि त्यांच्या पाहण्यात क्षमा होती की नव्हती, हे मला सांगता येणार नाही.

मी चमचा बरणीत घातला. थंडी पडू लागली होती, तूप थिजले होते. ते खरडून काढावे लागले. दादासाहेबांच्या भातावर मी एक चमचा ठेवला. भाताच्या वाफेने ते कडेकडेने वितळू लागले. दादासाहेब वाट पाहत राहिले, म्हणून मी दुसराही ठेवला.

‘‘तिलाही वाढ. आणि तुलाही,’’ ते म्हणाले.

मी वहिनींच्या पानात वाढले. शेवटी बरणीच्या कडेचे निपटून माझ्या पानात घेतले. मग आम्ही तिघे जेवलो. दादासाहेबांनी चार-पाच घास खाल्ले, फार सावकाश, प्रत्येक घास भाताशी नीट कालवून, जणू त्यांना कालविण्याच्या कामी घाई चालणार नव्हती. त्या प्रत्येक घासाचे पुढे काय होणार आहे, हे मला नळीतल्यासारखे दिसत होते. माझ्या पोटात गेलेल्या तेवढ्याच तुपाचे काय होईल, तेही दिसत होते. माझ्या आत कोणाच्या हुकमावाचून ते गोल जमणार होते, भिंतीपर्यंत पोहोचणार होते, अंगी लागणार होते. मला ते थांबविता आले नसते आणि त्यांच्या आत ते सुरू करता आले नसते.

जेवण झाल्यावर दादासाहेबांनी पाण्याने हात धुतला. बोटांवरचा तुपाचा ओशटपणा काही जात नव्हता. वहिनींनी राख आणून दिली, तेव्हा गेला.